निळ्या पेटीचे राखणदार

२३ नोव्हेंबर १९८९ हा ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचा सव्विसावा वाढदिवस. त्या दिवशी मालिकेचा नायक सिल्व्हेस्टर मॅकॉय जेमतेम चार-पाच वाक्यं बोलण्यासाठी ध्वनिमुद्रणाला आला. चित्रीकरण कधीच उरकलं होतं. पण ‘सर्व्हायव्हल’ या कथेचा शेवट निरोपासारखा व्हावा असं निर्माता जॉन नेथन-टर्नर याला वाटलं आणि पटकथा संपादक अँड्र्यू कार्टमेलने ती वाक्यं लिहून दिली. डॉक्टर आणि त्याची तरुण सोबतीण एस पाठमोरे चालत जातात आणि त्यावर मॅकॉयचा आवाज येतो. ६ डिसेंबरला हा भाग लागला. मालिका बंद केली असं बीबीसीने जाहीर केलं नाही. पुढचा हंगाम कधी, हेही सांगितलं नाही. सव्वीस हंगाम आणि सातशेला टेकलेले भाग झाल्यावर एक मालिका कुणी दार न आपटता निघून जावं तशी गेली.

तिचा पुढचा नियमित भाग लागला २६ मार्च २००५ रोजी. मधली पंधरा वर्षं चाहत्यांमध्ये ‘ओसाड वर्षं’ म्हणून ओळखली जातात. एखादी बंद पडलेली मालिका परत येणं ही काही आगळी गोष्ट नाही. पण या वर्षांत जे घडलं त्याला दुसरं उदाहरण सहज सापडत नाही. मालिकेच्या मालकाने तिला वाऱ्यावर सोडलं, तेव्हा प्रेक्षकांनी ती चालू ठेवली आणि पुढे त्याच प्रेक्षकांनी ती परत उभी केली. तुटलेला विश्वास कसा जुळतो याचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यातलं एक मोठं प्रकरण या वर्षांचं असेल.

डॉक्टर हा दुसऱ्या ग्रहावरून आलेला काळप्रवासी. त्याच्या यानाचं नाव टार्डिस. पोलिसांना फोन करण्यासाठी लंडनच्या रस्त्यांवर पूर्वी निळ्या पेट्या उभ्या असत, तशी ती बाहेरून दिसते आणि आतून अवाढव्य असते. १९६३ मध्ये बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना शनिवारच्या संध्याकाळी घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावं असं काहीतरी हवं होतं. विज्ञानकथा पडद्यावर चालते हे तोवर सिद्ध झालं होतं. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांनी सहलेखन केलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका १९६१ मध्ये बीबीसीवर गाजली होती. न्यूमन यांनी हे काम व्हेरिटी लँबर्ट या २७ वर्षांच्या निर्मातीच्या हाती दिलं आणि पहिल्या कथेचं दिग्दर्शन आलं वारिस हुसेन या २४ वर्षांच्या तरुणाकडे. वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा, बालपण मुंबईतलं. लेखिका अतिया हुसेन त्यांची आई. १९४६ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं. पुरुषांनी भरलेल्या त्या विभागात एक तरुण स्त्री आणि एक तरुण हिंदी माणूस. दोघांकडे ‘हे कसलं पोरखेळाचं काम’ म्हणून पाहणारे सहकारी होतेच.

पैसा कमी, जागा अपुरी, पण डोकी तल्लख. डेलिया डर्बिशायर यांनी रॉन ग्रेनरच्या शीर्षकसंगीतातला एकेक स्वर चुंबकीय फितीवर वेगळा घडवला, ते तुकडे ब्लेडने कापून चिकटवले आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी धून तयार झाली. टार्डिस उतरताना येणारा तो घरघरता, धापा टाकणारा आवाज ब्रायन हॉजसनने आईच्या घराची किल्ली पियानोच्या तारांवरून घासून काढला. पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. देशाचं लक्ष दुसरीकडे होतं, म्हणून पुढच्या शनिवारी आधी तोच भाग पुन्हा दाखवून मग दुसरा लावला. डिसेंबरात टेरी नेशन यांच्या कथेतले डॅलेक नावाचे यंत्रकवचातले शत्रू आले आणि मालिका घराघरांत पोचली. १९६६ मध्ये मूळ नायक विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. तेव्हा डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, अशी युक्ती निघाली. पॅट्रिक ट्राउटन आले. या एका कल्पनेने मालिकेला नट बदलण्याची मुभा मिळाली आणि प्रेक्षकांना एक सवय लागली. ओळखीचा चेहरा जातो, नवा येतो, काही दिवस तो परका वाटतो आणि मग आपला होतो. पुढे विश्वासाची परीक्षा झाली तेव्हा ही सवय कामी आली.

घसरण एका दिवसात झाली नाही. सत्तरच्या दशकात टॉम बेकर यांच्या काळात मालिका शिखरावर होती. ऐंशीच्या दशकात मात्र अडचणी साचत गेल्या. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर प्रेक्षकांची नजर बदलली होती आणि बीबीसीचा पैसा होता तेवढाच होता. दुसरं कारण चाहत्यांना टोचणारं आहे, पण सांगायला हवं. मालिका आपल्याच भूतकाळात रमायला लागली होती. वीस वर्षांपूर्वीच्या कथांचे संदर्भ ठाऊक असल्याशिवाय नवी कथा कळू नये, असे भाग निघू लागले. जुन्या प्रेक्षकाला ओळखीच्या खुणा दिसल्या की तो सुखावे; शनिवारी सहज टीव्ही लावणारं घर मात्र हळूहळू दूर गेलं.

फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसीने मालिकेला दीड वर्षाची सुट्टी दिली. वाहिनीचे नियंत्रक मायकेल ग्रेड यांना ती आवडत नव्हती आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. चाहत्यांनी पत्रं लिहिली आणि ‘डॉक्टर इन डिस्ट्रेस’ नावाचं एक गाणंही काढलं. ते साफ पडलं. पुढच्या वर्षी मालिका परतली ती १४ भागांची एकच लांबलचक कथा घेऊन. तिच्यात डॉक्टरवरच खटला चालतो. खरी परवड पडद्यामागे चालली होती. जुने जाणते लेखक रॉबर्ट होम्स शेवटचे भाग लिहीत असतानाच मे १९८६ मध्ये वारले. पटकथा संपादक एरिक सॉवर्ड भांडून बाहेर पडला आणि त्याने लिहिलेला शेवट वापरायला त्याने मनाई केली. अखेरचा भाग पिप आणि जेन बेकर या लेखक पती-पत्नीने तो मसुदा न बघता, घाईत लिहून दिला.

त्या डिसेंबरात बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात चाहत्यांच्या संघटनेतर्फे ख्रिस चिबनल नावाचा १६ वर्षांचा मुलगा बोलायला आला. ही कथा घिसीपिटी आहे, रचली नीट नाही, हे त्याने बेकर दांपत्याला तोंडावर सुनावलं. त्या वेळच्या चाहत्याची मनःस्थिती या मुलात पुरी दिसते. राग आहे, पण तो पाठ फिरवणाऱ्याचा नाही. हे याहून चांगलं असू शकतं, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याचा तो राग आहे. बत्तीस वर्षांनी या मालिकेची सूत्रं याच मुलाच्या हाती आली.

खटल्याच्या त्या हंगामाअखेर कॉलिन बेकर या सहाव्या डॉक्टरला काढून टाकण्यात आलं. रूपांतराच्या प्रसंगापुरतं परत येण्याचं त्यांनी नाकारलं, तेव्हा मॅकॉयनेच त्यांच्यासारखा केसांचा टोप घालून तो प्रसंग निभावला. मालिका ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या प्रतिस्पर्धी वाहिनीवरच्या बलाढ्य मालिकेसमोर लावण्यात आली. कार्टमेलने बेन ॲरोनोविच, रोना मन्रो यांसारखे तरुण लेखक आणले आणि शेवटच्या दोन हंगामांत कथांना पुन्हा धार आली. पण पाहायला फारसं कुणी उरलं नव्हतं. मालिका सावरू लागली होती तेव्हाच ती थांबली. जुन्या प्रेक्षकांचं दुःख दुहेरी होतं ते म्हणूनच.

मुळात बीबीसीवरचा या चाहत्यांचा विश्वास त्याआधीच एकदा तडकलेला होता. चित्रफिती महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरता येत. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होती. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भागांना कोण विचारणार, असा हिशेब झाला. त्यामुळे साठच्या दशकाच्या अखेरीपासून १९७८ पर्यंत बीबीसीने या मालिकेच्या फिती पुसल्या आणि प्रती फेकून दिल्या. हार्टनेल आणि ट्राउटन यांच्या काळातले शंभराच्या घरातले भाग नाहीसे झाले. मुख्यतः वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली सात भागांची ‘मार्को पोलो’ ही कथा समूळ गेली.

आणि तरी ती पुरती गेली नाही. साठच्या दशकात काही घरांतल्या पोरांनी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डरवर भाग नोंदवले होते. कुणाला भाग पुन्हा ऐकायचा होता, कुणाला नुसता छंद होता. आईने स्वयंपाकघरातून हाक मारू नये, भावंडाने खोकू नये, एवढीच काय ती काळजी. या मुलांनी जपलेल्या टेप एकत्र केल्या तेव्हा लक्षात आलं की चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज कुणा ना कुणा घरात शिल्लक आहे. जॉन क्यूरा नावाचा एक छायाचित्रकार त्या काळात टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नट-दिग्दर्शकांना विकत असे, एका भागाचे साठ-सत्तर छोटे चौकोन. ‘मार्को पोलो’चे असे फोटो वारिस हुसेन यांनी स्वतःजवळ ठेवले होते. चाहत्यांनी घरच्या टेपमधला आवाज आणि हे फोटो जुळवून हरवलेल्या कथा रात्र-रात्र बसून पुन्हा उभ्या केल्या. हलतं चित्र नाही, पण कोण कुठे उभं होतं, कुणाच्या चेहऱ्यावर काय भाव होते हे कळतं. १९९२ च्या सुरुवातीला ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या हरवलेल्या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले आणि त्या वर्षी त्यांची व्हिडिओ कॅसेट खपाच्या यादीत थेट वर गेली. बंद पडलेल्या मालिकेचे पंचवीस वर्षांपूर्वीचे कृष्णधवल भाग विकत घ्यायला लोक दुकानात जात होते. बीबीसीच्या इमारतीत ते कुणी मनावर घेतलं नसेल, पण बाहेर प्रकाशकांनी घेतलं.

व्हिडिओ घरोघरी येण्याआधी ही मालिका पुन्हा अनुभवायची तर एकच वाट होती, टार्गेट प्रकाशनाची छोटी पुस्तकं. एकट्या टेरन्स डिक्स यांनी अशी साठाहून जास्त पुस्तकं लिहिली. एका पिढीला वाचनाची गोडी या पुस्तकांनी लावली. १९९० पर्यंत पडद्यावरच्या बहुतेक कथांची पुस्तकं होऊन गेली होती. आता व्हर्जिन प्रकाशनाचे संपादक पीटर डार्व्हिल-एव्हान्स यांनी ठरवलं की मॅकॉयच्या डॉक्टरची गोष्ट नव्या कादंबऱ्यांतून पुढे न्यायची. त्यांनी आणखी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात त्याचं वजन सर्वांत जास्त आहे. ज्यांचं आजवर काहीही छापून आलेलं नाही अशांची हस्तलिखितंही आपण वाचू, असं त्यांनी जाहीर केलं.

‘न्यू ॲडव्हेंचर्स’ ही कादंबरीमाला जून १९९१ मध्ये सुरू झाली. चाहत्यांच्या हस्तलिखित आणि चक्रमुद्रित नियतकालिकांत लिहून हात बसलेली मुलं आता खऱ्या संपादकाच्या टेबलापर्यंत पोचली. पॉल कॉर्नेलची पहिली कादंबरी त्याच्या अशाच एका जुन्या कथेतून उगवली. मार्क गेटिसने ‘नाइटशेड’ लिहिली. केट ऑर्मनने ऑस्ट्रेलियातून हस्तलिखितं पाठवली. पडद्यावर शनिवारी संध्याकाळी दाखवता येणार नाहीत असे विषय इथे आले: युद्धाचा अपराधगंड, गरिबी, मरण, डॉक्टरच्या निर्णयांची इतरांना मोजावी लागणारी किंमत. १९९५ मध्ये कॉर्नेलने ‘ह्यूमन नेचर’ लिहिली. तिच्यात डॉक्टर स्वतःची ओळख विसरून १९१४ च्या इंग्लंडमधला एक साधा शाळामास्तर होतो आणि प्रेमात पडतो. १९९६ मध्ये ‘डॅमेज्ड गुड्स’ ही कादंबरी आली. सरकारी वसाहतीतल्या टायलर नावाच्या कुटुंबाभोवती फिरणारी ही गोष्ट लिहिणाऱ्याचं नाव रसेल टी. डेव्हिस. त्याच वर्षी एका संग्रहात स्टीव्हन मॉफेट याची लघुकथा छापून आली. आज ही नावं एका ओळीत वाचताना पुढचा सगळा इतिहास दिसतो. तेव्हा ती बंद पडलेल्या मालिकेवर अल्प मानधनात लिहिणाऱ्या माणसांची नावं होती.

या सगळ्या वर्षांत ‘डॉक्टर हू मॅगझिन’ दर महिन्याला निघत राहिलं. ज्या मालिकेचा नवा भाग नाही, तिचं मासिक दुकानात येतंय आणि खपतंय. जुन्या कलाकारांच्या मुलाखती, निर्मितीचे बारकावे, चित्रकथा यांवर संपादकांनी पंधरा वर्षं अंक भरले. चाहत्यांनी जमवलेली माहिती इतकी काटेकोर होती की बीबीसीच्या कुठल्याही मालिकेचा असा तपशीलवार इतिहास क्वचितच लिहिला गेला असेल.

मे १९९६ मध्ये एकदा आशा पालवली. फिलिप सीगल या निर्मात्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा करून अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीसाठी व्हँकूव्हरमध्ये दूरचित्रपट काढला. मॅकॉयने निरोप घेतला आणि पॉल मॅगन आठवा डॉक्टर झाला. ब्रिटनमध्ये तो लागण्याच्या आठवडाभर आधी तिसरे डॉक्टर जॉन पर्टवी वारले; चित्रपट त्यांना अर्पण केला गेला. २७ मे रोजी ब्रिटनमध्ये तो ९० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. मॅगन सगळ्यांना आवडला. पण डॉक्टर आईकडून मानव आहे या खुलाशाने जुने प्रेक्षक चक्रावले आणि नव्या प्रेक्षकाला सुरुवातीच्या संदर्भांच्या माऱ्यात काही कळेना. अमेरिकेत प्रेक्षक कमी पडले, मालिका मंजूर झाली नाही. ब्रिटनमधल्या आकड्याकडे अमेरिकी वाहिनीने पाहिलं असतं तर मालिका नऊ वर्षं आधी परतली असती, ही खंत त्या पिढीच्या मनात कायमची राहिली.

मग आवाजाने साथ दिली. ऐंशीच्या दशकात काही चाहते हौसेने डॉक्टरच्या श्राव्यनाटिका करून कॅसेटवर वाटत. त्यांच्यातल्याच काहींनी ‘बिग फिनिश’ ही कंपनी उभी करून १९९९ मध्ये अधिकृत परवाना मिळवला. त्या जुलैत निघालेल्या ‘द सायरन्स ऑफ टाइम’मध्ये पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि मॅकॉय असे तीन डॉक्टर पुन्हा आपापल्या भूमिकेत बोलले. २००१ मध्ये मॅगनही आला. कॉलिन बेकर यांना इथे खऱ्या अर्थाने न्याय मिळाला. पडद्यावर भडक, रंगीबेरंगी कोटात आणि कच्च्या कथांत अडकलेला हा नट चांगली संहिता हाती येताच किती मोठा आहे ते श्रोत्यांना कळलं. ज्या डॉक्टरला नाकारलं होतं त्याला त्याच चाहत्यांनी डोक्यावर घेतलं. एका नटावरचा गेलेला विश्वास मोठी मालिका परतण्याच्या कितीतरी आधी परत आला होता, आणि तो चाहत्यांनीच लिहिलेल्या संहितांमधून आला होता.

सप्टेंबर २००३ मध्ये बातमी आली. बीबीसी वनच्या नियंत्रक लॉरेन हेगेसी आणि नाट्यविभागाच्या प्रमुख जेन ट्रँटर यांनी ‘डॉक्टर हू’ परत आणायचं ठरवलं होतं. निर्मिती बीबीसी वेल्सची, कार्डिफमधून. ज्युली गार्डनर कार्यकारी निर्माती आणि लेखनाची सूत्रं रसेल टी. डेव्हिसकडे. ‘क्वीअर ॲज फोक’ या मालिकेमुळे डेव्हिस तोवर आघाडीचा लेखक झाला होता. त्या मालिकेतला विन्स हा एक नायक ‘डॉक्टर हू’चा वेडा चाहता होता, हे जाणकारांच्या लक्षात होतंच.

आनंदाइतकीच धास्तीही होती. ज्यांनी दोनदा तोंड पोळून घेतलं होतं ते ताकही फुंकून पिणार. ख्रिस्तोफर एकल्स्टन हा गंभीर भूमिकांचा दमदार नट डॉक्टर होणार म्हटल्यावर दिलासा वाटला. पॉप गायिका म्हणून ओळखली जाणारी बिली पायपर त्याची सोबतीण होणार म्हटल्यावर पुष्कळांनी कपाळाला हात लावला. २००४ च्या उन्हाळ्यात टेरी नेशन यांच्या वारसांशी बोलणी फिसकटली आणि डॅलेकविना मालिका निघेल असं दिसू लागलं. ऑगस्टमध्ये तडजोड झाली तेव्हा जीव भांड्यात पडला.

डेव्हिसने जे केलं ते चाहता असल्याशिवाय कुणाला सुचलं नसतं आणि नुसत्या चाहत्याला झेपलंही नसतं. त्याने भूतकाळाचं ओझं उतरवलं. डॉक्टरचा ग्रह, त्याचे भाऊबंद, सगळे एका महायुद्धात नष्ट झाले आहेत आणि तो एकटा उरला आहे, एवढं एक सूत्र घेऊन त्याने चाळीस वर्षांच्या क्लिष्ट पूर्वकथेला दाराबाहेर ठेवलं. गोष्ट सुरू होते ती रोझ टायलर या १९ वर्षांच्या मुलीपासून. ती लंडनमधल्या सरकारी वसाहतीत आईसोबत राहते आणि एका मोठ्या दुकानात कामाला जाते. प्रेक्षकाला जेवढं ठाऊक, तेवढंच तिला. त्याच वेळी जुन्यांसाठीही त्याने काही राखून ठेवलं होतं. पहिल्या भागात दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन काचा फोडून रस्त्यावर येतात. हा प्रसंग १९७० मध्ये पर्टवी यांच्या पहिल्या कथेत होता. तेव्हा खर्चापायी काच फुटताना दाखवता आली नव्हती, नुसता आवाज ऐकवला होता. पस्तीस वर्षांनी ती काच खरोखर फुटली. नव्या मुलांना तो थरार वाटला. त्यांच्या शेजारी बसलेल्या आई-बापांना आपण लहानपणी मनात जे पाहिलं होतं ते डोळ्यांपुढे दिसलं.

२६ मार्च २००५ च्या संध्याकाळी सात वाजता तो भाग लागला. काही प्रदेशांत पहिल्या काही मिनिटांत दुसऱ्याच कार्यक्रमाचा आवाज मध्ये घुसला आणि अंधाऱ्या तळघरात चाललेल्या रोझवर निवेदक ग्रॅहम नॉर्टनचं बोलणं ऐकू आलं. पंधरा वर्षं वाट पाहिलेल्यांच्या काळजाचा तेवढ्यात ठोका चुकला असेल. पण तो भाग एकूण १ कोटी ८ लाख लोकांनी पाहिला. चारच दिवसांत पुढचा हंगाम मंजूर झाला आणि त्याच दिवशी एकल्स्टन एका हंगामानंतर जाणार ही बातमीही फुटली. एरवी अशा बातमीने मालिका कोसळते. इथे मात्र घरातल्या मोठ्यांनी मुलांना समजावलं की डॉक्टर असाच बदलतो, थांब, बघशील. चाळीस वर्षांपूर्वी लागलेली ती सवय आता पुढच्या पिढीच्या हाती दिली जात होती.

खरी कसोटी ३० एप्रिलच्या ‘डॅलेक’ या भागात होती. रॉबर्ट शिअरमनने त्याची बीजं आपल्याच २००३ च्या श्राव्यनाटिकेतून घेतली होती. डॅलेकची दोन गोष्टींसाठी कायम थट्टा होई. त्याला जिना चढता येत नाही आणि त्याच्या हाताला मोरी तुंबल्यावर वापरतात तसला रबरी दट्ट्या आहे. या भागात एकटा, साखळदंडात जखडलेला डॅलेक आहे. तोच दट्ट्या एका माणसाचा जीव घेतो. मग जिन्यावर पळणारी माणसं आता सुटलो म्हणून थांबतात आणि तो संथपणे हवेत उचलला जातो. डॅलेक जिना चढतो हे १९८८ मध्येच एका कथेत दाखवलं होतं, पण तेव्हा ते पाहायला फार थोडे लोक उरले होते. चेष्टेचा विषय झालेली गोष्ट पुन्हा भीतीचा विषय करणं हे शिअरमनने एका भागात साधलं. त्या डॅलेकचा आवाज होता निकोलस ब्रिग्जचा. ऐंशीच्या दशकात हौसेच्या कॅसेट करणाऱ्यांपैकी तो एक.

पुढे एकामागून एक नावं जागेवर आली. नवा डॉक्टर डेव्हिड टेनंट हा लहानपणी ही मालिका पाहूनच नट व्हायचं ठरवलेला. मॉफेटच्या ‘द एम्प्टी चाइल्ड’ या दोन भागांच्या कथेला २००६ मध्ये ह्युगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘स्कूल रियुनियन’ या भागात सत्तरच्या दशकातली लाडकी सोबतीण सारा जेन, म्हणजे एलिझाबेथ स्लेडन, तीस वर्षांनी परत आली. शाळेच्या अंधारात सारा जेनला ती निळी पेटी दिसते, ती मागे सरकते, वळते आणि समोर डॉक्टर उभा असतो. तू मला सोडून गेलास आणि मी वाट पाहत राहिले, हे सारा जेन त्याला पुढे सांगते तेव्हा ते त्या पात्रापुरतं राहत नाही. सगळ्या जुन्या प्रेक्षकांचं गाऱ्हाणं तिच्या तोंडून मांडलं गेलं, आणि मालिकेने ते ऐकून घेतलं. तुटलेल्या विश्वासाची अशी कबुली कुठल्याही मालिकेने क्वचितच दिली असेल. २००७ मध्ये कॉर्नेलने आपल्याच ‘ह्यूमन नेचर’ला पडद्यावर आणलं. २०१० मध्ये सूत्रं मॉफेटकडे गेली. १९७४ मध्ये शाळकरी वयात मालिकेबद्दल लिहिलेलं पत्र ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आलेला पीटर कपाल्डी हा ग्लासगोचा मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आणि २०१८ मध्ये ‘ओपन एअर’वरच्या त्या १६ वर्षांच्या मुलाने, चिबनलने, जोडी व्हिटेकरच्या रूपाने पहिली स्त्री-डॉक्टर आणली. त्याच्या कारकिर्दीवरही तरुण चाहत्यांनी तितक्याच तिखट शब्दांत टीका केली, हेही नोंदवायला हवं.

कारण विश्वास परत आला म्हणजे कायमचा आला असं नसतं. २०२३ मध्ये डेव्हिस पुन्हा परतला, डिस्नेची भागीदारी आली आणि २०२५ मध्ये ती संपली. पुन्हा अनिश्चिततेचे दिवस आले आहेत आणि पुन्हा जुने प्रेक्षक एकमेकांना विचारताहेत की आता पुढे काय. मला या प्रश्नात निराशेचं कारण दिसत नाही. मालकी हक्क, पैसा, परदेशी वाहिनी यांतलं काहीही १९९१ मध्ये चाहत्यांच्या बाजूने नव्हतं. घरच्या टेप होत्या, पडद्याचे छोटे फोटो होते, निघत राहिलेलं एक मासिक होतं आणि अनोळखी माणसांची हस्तलिखितं वाचायला तयार असलेला एक संपादक होता. तेवढ्यावर एक पिढी लेखक झाली. त्यांनी जुन्याची जशीच्या तशी मूर्ती करून ठेवली नाही. काय टाकायचं आणि काय कुठल्याही परिस्थितीत सोडायचं नाही, याचा निवाडा करण्याइतकं त्यांचं प्रेम जाणतं झालं होतं, म्हणून १९९६ ला जे जमलं नाही ते २००५ ला जमलं. आजही कुठेतरी एखादी सोळा वर्षांची मुलगी मालिकेवर मनापासून रागावून स्वतःची गोष्ट लिहायला बसली असणार. तिचं हस्तलिखित वाचणारा कुणीतरी तिला भेटावा, एवढीच आज या मालिकेची गरज आहे.